गोठ्यांतील हगवण आणि घरांतील हगवण

महसूल खात्यांत ज्यांनीं नोकरी केली आहे त्यांस गांव नमुना १३ व गांव नमुना १४ ठाऊक असतात. तेराव्या नमुन्यांत गांवचीं माणसें व गांवचीं गुरेंढोरें यांची माहिती एकाच ठिकाणीं लिहिलेली असते, आणि लागलीच पुढच्या चौदाव्यांत गांवच्या पाणीपुरवठ्याच्या साधनांची नोंद असते. पालघर व डहाणू येथील कचेऱ्यांत कारकुनी करितांना हे दोन नमुने मीं किती वेळां चाळले असतील याचा हिशेब नाहीं. परंतु माणूस, जनावर आणि पाणी यांना ज्या कोणी एकापाठोपाठ एक बसविलें त्यानें नकळत एका रोगाचा मार्गच आंखून ठेविला आहे, ही गोष्ट मला सेवानिवृत्त झाल्यानंतर, व तीहि एक पारडी गमावल्यावर कळली.

बोईसरहून पश्चिमेस समुद्राकडे जातांना आमची थोडी भातशेती व लहानशी वाडी आहे. पेन्शन बसल्यावर मीं एक म्हैस घेतली. ती ऐन श्रावणांत, पहांटेस व्याली. पारडी चांगली धडधाकट होती. घटकाभरांत आपल्या पायांवर उभी राहून आंचळ शोधूं लागली. परंतु आमच्या घरीं वडीलधाऱ्यांचा नियम असा कीं म्हशीची वार पडेपर्यंत वासरूं पाजावयाचें नाहीं. वार पडण्यास दुपार झाली. तोंवर पारडीस कोमट पाण्यावर ठेविलें. पुढें चीक काढला तो बहुतेक खरवसासाठीं गेला. शेजारीं चार घरीं वाट्या पोंचविल्या, आणि उरलें तें पारडीस पाजलें. तिसऱ्या रात्रीं तिला पिवळसर पांढरी, पाण्यासारखी हगवण लागली, व चौथ्या दिवशीं दिवेलागणीच्या सुमारास ती गेली. दुसऱ्या दिवशीं पशुवैद्य आले. त्यांनीं गोठा पाहिला, दावणीखालचा चिखल पाहिला, आणि मला एकच प्रश्न विचारिला, "भाऊ, पहिला चीक किती वाजतां पाजला?" मी कांहीं उत्तर देऊं शकलों नाहीं. त्याच आठवड्यांत घरांतील दोन वर्षांच्या नातवासहि जुलाब लागून त्यास दवाखान्यांत न्यावें लागलें. तो बरा झाला. त्या प्रश्नानंतर मी या विषयावर मिळेल तें वाचीत गेलों व जाणत्यांस विचारीत गेलों. मी वैद्य नव्हे, पशुवैद्यहि नव्हे. मराठी शाळेंत शिकलेला एक कारकून आहें. तथापि जें समजलें तें आपल्या मासिकाच्या वाचकांपुढें पावसाळ्यापूर्वीं ठेवावें असें वाटलें.

प्रथम हें लक्षांत घेतलें पाहिजे कीं हगवण हें रोगाचें नांव नसून लक्षण आहे. तिचीं कारणें अनेक. कांहीं हगवणी विषाणूंच्या, कांहीं जंतांच्या, कांहीं केवळ चारा बदलल्यामुळें होतात. आपल्या पूर्वजांचे गोठेच्या गोठे रिकामे करणारी बुळकांडी हीहि आंतड्यांना जाळणारीच होती, परंतु ती विषाणूची. तिचें उच्चाटन झाल्याचें २०११ सालीं जगभर जाहीर झालें, आणि नव्या पिढीच्या शेतकऱ्यास तें नांवहि ऐकून ठाऊक नाहीं. येथें मी बोलणार आहें तें जीवाणूंच्या, म्हणजे ज्यांस आपण सामान्यतः जंतु म्हणतों त्यांच्या हगवणीविषयीं. पटकी, विषमज्वर, रक्ती आंव हीं माणसांतील. वासरांची पांढरी हगवण, कोंबड्यांच्या पिलांची पांढरी हगवण, शेळ्यामेंढ्यांचा आंत्रविषार हीं जनावरांतील. नांवें निराळीं असलीं तरी बहुतेकांचा रस्ता एकच आहे: एकाची विष्ठा दुसऱ्याच्या तोंडांत जाते. हें वाक्य वाचावयास किळसवाणें आहे, पण त्याहून सभ्य भाषेंत खरें सांगतां येत नाहीं.

हे जंतु मारतात कसे, हें समजल्याशिवाय उपाय पटत नाहींत. पटकीचा स्वल्पविरामासारखा वांकडा जंतु रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरानें १८८४ सालीं कलकत्त्यांत रोग्यांच्या आंतड्यांतून वेगळा करून ओळखला. हा जंतु आंतडें कुरतडीत नाहीं. तो आंतड्याच्या आंतल्या अस्तराला चिकटतो आणि एक विष सोडतो. त्या विषानें अस्तराचा बांध फुटल्यासारखा होऊन शरीरांतलें पाणी व क्षार आंतड्यांत ओतले जाऊं लागतात. वासरांच्या पांढऱ्या हगवणीस पुष्कळदां कारण होणारा ई. कोलाय नांवाचा जंतु याच जातीचें विष करितो. हा जंतु तर प्रत्येक जनावराच्या व माणसाच्या पोटांत असतोच. त्याच्या कांहीं विशिष्ट जातीच तेवढ्या घातकी. त्या नवजात वासरास पहिल्या चार-पांच दिवसांतच गांठतात. म्हणजे वासरूं जंतूनें मरत नाहीं, तें पाणी व मीठ संपल्यामुळें मरतें. डोळे खोल जातात, मानेची कातडी चिमटींत धरून सोडली तर लागलीच मागें बसत नाहीं, तोंडांत बोट घातलें तर थंड लागतें व तें चोखीत नाहीं. शरीराच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतकें पाणी गेलें कीं वासरूं आडवें पडतें. माझ्या पारडीचीं हीं सर्व चिन्हें मीं डोळ्यांनीं पाहिलीं होतीं, व "थंडी लागली असेल" म्हणून तिच्यावर गोणपाट घातलें होतें.

माणसांचा डॉक्टर वेगळा आणि गुरांचा वेगळा, ही विभागणी आपण केलेली आहे. जंतूंना ती मान्य नाहीं. साल्मोनेला हें नांव आज सर्वत्र ऐकूं येतें. तें डॅनियल साल्मन या अमेरिकन पशुवैद्याच्या नांवावरून पडलें. त्याच्या हाताखालीं काम करणाऱ्या थिओबाल्ड स्मिथनें तो जंतु १८८५ च्या सुमारास डुकरांत शोधला. याच कुळांतील एक जंतु माणसास विषमज्वर देतो व तो माणसांतच राहतो; परंतु त्याचे अनेक भाऊबंद वासरूं, कोंबडी आणि माणूस या तिघांच्याहि पोटांत सारखेच सुखानें वाढतात. आपल्या इकडे परळास १८८६ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे, आणि तेथून जवळच पटकीची लस स्वतःवर टोंचून घेऊन १८९३ सालीं हिंदुस्थानांत आलेल्या हाफकिन साहेबांच्या नांवाची संस्था आहे. एक गुरांची, एक माणसांची. दोन्ही संस्था शेजारी असाव्या हें मला फार शोभून दिसतें.

आतां चिकाविषयीं. सर्व लेखांत ही गोष्ट मी अधिक विस्तारानें सांगणार आहें, कारण येथें आपली चूक सर्वांत मोठी, आणि तिचा उपाय फुकटचा आहे.

मनुष्याच्या मुलास आईच्या पोटांत असतांनाच तिच्या रक्तांतून रोगाशीं झगडणारीं द्रव्यें मिळतात. गाई-म्हशींची वार वेगळ्या बांधणीची असल्यानें त्यांच्या वासरास तीं मिळत नाहींत. तें अगदीं निःशस्त्र जन्मास येतें. त्याचीं सर्व शस्त्रें चिकांत असतात. शिवाय त्या शस्त्रांना आंतड्यांतून रक्तांत जाण्यास जें दार आहे तें जन्मतःच मिटूं लागतें: पहिले सहा तास तें चांगलें उघडें असतें, पुढें झपाट्यानें अरुंद होतें, आणि चोवीस तासांनीं जवळ जवळ बंद होतें. तेव्हां वासरास पहिल्या दोन तासांच्या आंत पोटभर चीक मिळाला पाहिजे. माप असें कीं पहिल्या दिवसांत वासराच्या वजनाचा दहावा हिस्सा. डांगी गाईचें वीस किलोंचें वासरूं असेल तर दोन लिटर, म्हशीची तीस किलोंची पारडी असेल तर तीन लिटर, आणि त्यांतील निम्मा भाग पहिल्या खेपेसच.

वार पडेपर्यंत न पाजण्याची समजूत आपल्या जिल्ह्यांतच नव्हे, पुष्कळ महाराष्ट्रांत आहे. ती कशी पडली हें मी सांगूं शकत नाहीं, पण ती नेमकी उलटी आहे. वासरूं आंचळ ओढूं लागलें कीं आईच्या शरीरांत असा एक रस सुटतो कीं त्यानें दूध उतरतें आणि गर्भाशयहि आकुंचन पावतें. म्हणजे वासरूं पाजल्यानें वार पडण्यास मदतच होते. वार पडण्याची वाट पाहत दोन्हीकडून नुकसान करून घेण्याचा हा प्रकार आहे. बारा तासांनंतरहि वार पडली नाहीं तर पशुवैद्यास बोलवावें. ओढून काढूं नये.

खरवसाविरुद्ध माझी तक्रार नाहीं. मलाहि तो आवडतो. म्हशीस वासराच्या गरजेहून चीक बहुधा अधिक असतो. पहिल्या धारेंतून आधीं पारडीचें माप भरावें, तें तिच्या पोटांत जावें, आणि मग भांड्यांत राहील तो शेजाऱ्यांच्या वाट्यांत. वाट्या कमी जातील, जावोत.

चीक जितका वेळेवर तितकीच गोठ्याची जमीनहि महत्त्वाची आहे. आमच्या भागांत आषाढ-श्रावणांत जमिनीला ओल धरून ठेवण्यापलीकडे दुसरें काम नसतें. म्हैस ज्या चिखलांत बसते त्याच चिखलानें माखलेलें आंचळ वासराच्या तोंडांत जातें, म्हणजे पहिल्या चिकाआधीं जंतु पोंचतो. म्हणून विण्याची जागा वेगळी करावी, तेथें कोरडा पेंढा जाड पसरावा, व्याल्यावर कास कोमट पाण्यानें धुऊन स्वच्छ फडक्यानें पुसावी, वासराच्या नाळेस आयोडिन लावावें. आजारी वासरूं इतरांपासून दूर बांधावें, व त्याचें करणाऱ्या माणसानें निरोगी वासरांचें काम आधीं उरकून मग आजाऱ्याकडे जावें. गोठ्यांतून आल्यावर साबणानें हात धुतल्याशिवाय लेकराला उचलूं नये. आमच्या घरीं हें होत नव्हतें. माझे स्वतःचे हात प्रथम.

हगवण लागलीच तर काय करावें? पहिलें काम पाणी व मीठ परत भरणें. १९७१ सालीं बांगला देशाच्या युद्धांत बनगांव येथील निर्वासितांच्या छावणींत पटकी पसरली, तेव्हां शिरेंतून देण्याचें सलाईन संपलें. डॉक्टर दिलीप महालनबीस यांनीं मीठ व साखर पाण्यांत विरघळवून पिंपें भरून ठेविलीं व रोग्यांच्या नातलगांकडूनच तें पाजविलें. त्या छावणींत पटकीनें मरणारांचें प्रमाण शेंकडा तीसच्या आसपास होतें, तें शेंकडा चारांच्याहि खालीं आलें. पाण्याबरोबर साखर असली म्हणजे आंतडें मीठ व पाणी दोन्ही ओढून घेतें, आणि जंतूचें विष हा मार्ग बंद करूं शकत नाहीं, हें त्यांतील मर्म. औषधाच्या दुकानांत व आरोग्य उपकेंद्रांत याची पुडी मिळते. पुडी नसेल तर एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यांत सहा चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, चमचे सपाट भरून, उंच शीग लावून नव्हे. मीठ अधिक पडलें तर लहान मुलास अपाय होतो. मुलास अंगावरचें दूध बंद करूं नये, आणि जस्ताच्या गोळ्या डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणें पूर्ण दिवस द्याव्या. हगवण "बांधणाऱ्या" गोळ्या मुलांना देऊं नयेत. शौचांत रक्त दिसलें, मूल सुस्तावलें, लघवी थांबली, कीं वाट न पाहतां दवाखाना.

वासरासहि तीच रीत. पशुवैद्य येईपर्यंत माणसांच्या पुडीचेंच पाणी कोमट करून दिवसांतून तीन-चार वेळां, दर खेपेस अर्धा ते एक लिटर, बाटलीनें हळूहळू पाजावें. दुधांत मिसळूं नये, दूध वेगळ्या वेळीं द्यावें. जें वासरूं चोखीत नाहीं त्याच्या घशांत बळजबरीनें ओतूं नये, तें फुप्फुसांत जातें. त्यास शिरेंतून सलाईनच पाहिजे. येथें एक गोष्ट स्पष्ट लिहितों. मागील गुरासाठीं आणलेल्या प्रतिजैविकाच्या उरलेल्या गोळ्या अंदाजानें देण्याची आपल्यांत चाल पडली आहे. पुष्कळ हगवणींस त्या लागतच नाहींत, आणि जेथें खरोखर लागतात तेथें अर्धवट मात्रेनें जंतु निर्ढावतो. तो निर्ढावलेला जंतु मग गोठ्यांतून घरांत येतो.

आतां नमुना १४ कडे वळूं. किनाऱ्याकडील केळवें-माहीमच्या वाड्यांपासून चिंचणी-तारापूरपर्यंत विहिरी उथळ, जमीन पुष्कळ ठिकाणीं वाळूमिश्र, आणि पावसाळ्यांत पाणी हाताशीं येतें. उकिरडा, गोठ्याची मोरी व शौचालयाचा शोषखड्डा हीं तिन्ही विहिरीपासून निदान पंधरा मीटर दूर व उताराच्या खालच्या बाजूस असावीं. वाळूंत त्याहूनहि दूर. विहिरीस कठडा व भोंवतीं फरसबंदी नसेल तर पहिल्याच सरीबरोबर अंगणांतलें सर्व आंत जातें. अमरावती जिल्ह्यांत चिखलदरा तालुक्यांतील पाचडोंगरी व कोयलारी या गांवांत जुलै २०२२ मध्यें पटकीची साथ होऊन माणसें दगावलीं. नळाचें पाणी बंद असल्यानें लोक उघड्या विहिरीचें पाणी पीत होते. विजेचें बिल थकल्यानें पाणी तुटलें होतें, असें त्या वेळीं वृत्तपत्रांत आलें होतें. थकबाकीच्या याद्या मीं जन्मभर लिहिल्या. तशा एखाद्या यादींतली ओळ पाण्यापर्यंत जाऊन पोंचते हें वाचून बरें वाटलें नाहीं.

विहिरींत ब्लीचिंग पावडर टाकण्याचें काम बहुतेक ठिकाणीं अंदाजपंचें चालतें. हिशेब सोपा आहे. विहिरीचा व्यास मीटरमध्यें घ्यावा, त्यास त्यानेंच गुणावें, मग पाण्याच्या खोलीनें गुणावें, मग ३.१४ नें गुणून चारांनीं भागावें, व हजारानें गुणावें; इतके लिटर पाणी झालें. तीन मीटर व्यासाच्या व चार मीटर पाणी असलेल्या विहिरींत सुमारें २८,२६० लिटर पाणी असतें. चांगल्या, ताज्या पावडरीची मात्रा दर हजार लिटरांस अडीच ग्रॅम, म्हणून या विहिरीस सुमारें सत्तर ग्रॅम. पाणी गढूळ असेल किंवा पावडर जुनी असेल तर अधिक लागते. पावडर बादलींत कालवून दहा मिनिटें स्थिर ठेवावी, चुन्याचा गाळ खालीं बसूं द्यावा, आणि वरचें निवळ पाणीच विहिरींत खोल सोडून ढवळावें. संध्याकाळीं टाकावी, व निदान तासभर पाणी काढूं नये. ग्रामपंचायतीकडे क्लोरीन पाहण्याचें साधन असतें; तासाभरानें लिटरला अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक दिसला पाहिजे. उघड्या गोणींतली पावडर महिन्याभरांत निकामी होते. ती मग कितीहि टाकली तरी विहीर पांढरी होते, शुद्ध होत नाहीं.

बोईसरच्या आसपास हा विषय काढला कीं कोणीतरी तारापूर औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याकडे बोट दाखवितोच. तें दुखणें खरें आहे, व आमच्या मांगेला मच्छीमार बंधूंनीं त्यासाठीं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत दाद मागितलेली आहे. परंतु रसायन आणि जंतु या दोन तक्रारी वेगळ्या आहेत. माझ्या विहिरींत शेण गेलें त्यास कोणत्याहि कारखान्याची गरज लागली नाहीं.

कोंबड्यांचें प्रकरण अलीकडे फार महत्त्वाचें झालें आहे. २०२५ च्या आरंभीं पुण्यास सिंहगड रस्ता, किरकिटवाडी, नांदेड या बाजूस गिलां-बारे नांवाच्या विकाराचे दोनशेंहून अधिक रुग्ण निघाले; हातपाय लुळे पडून कित्येकांस कृत्रिम श्वासावर ठेवावें लागलें व कांहीं दगावले. त्यांतील अनेकांस आधीं हगवण झाली होती, आणि शौचाच्या तपासणींत कांहीं जणांकडे कँपिलोबॅक्टर नांवाचा जंतु सांपडला. हा जंतु कोंबडीच्या आंतड्यांत तिला कांहींहि त्रास न देतां राहतो. माणसाच्या पोटांत गेला तर हगवण, आणि क्वचित् पुढें असें होतें कीं जंतूशीं लढावयास उठलेली शरीराची फौज आपल्याच मज्जातंतूंवर तुटून पडते. संशय मुख्यतः दूषित पाण्यावर होता. कोंबडी पूर्ण शिजविली कीं जंतु मरतो. भीति कच्च्या मांसाची सुरी, तेंच ताट, आणि कोंबड्यांची विष्ठा पोंचलेलें पाणी यांची. म्हणून कोंबडीखत पालेभाजीवर ताजें घालूं नये, तीन-चार महिने ढिगांत चांगलें कुजवून घालावें. शेणकाल्याचेंहि तसेंच. धारोष्ण दुधाचें कौतुक करणारांनीं तें दूध कोणत्या कासेखालून, कोणत्या चिखलावरून आलें तें एकदां वांकून पाहावें, मग उकळावें कीं नाहीं तें ठरवावें.

शेळ्यांच्या आंत्रविषाराची गोष्ट थोडी निराळी आहे, म्हणून शेवटीं घेतली. त्याचा जंतु शेळीच्या आंतड्यांत आधींपासूनच थोडा असतो. पहिल्या पावसानंतरचें कोंवळें लुसलुशीत गवत ती अधाशीपणें खाते, किंवा दाणा एकदम वाढविला जातो, आणि तो जंतु भराभर वाढून विष करितो. सकाळीं उड्या मारणारें तगडें करडूं संध्याकाळीं मान मागें टाकून मेलेलें आढळतें. औषधास वेळच मिळत नाहीं. येथें लसच उपयोगी. ती मे महिन्यांत टोंचावी, पहिल्यांदाच टोंचणाऱ्या शेळ्यांस पंधरा दिवसांनीं पुन्हा एकदां, आणि पाऊस पडल्यावर शेळ्या चरावयास सोडण्यापूर्वीं त्यांस थोडा सुका चारा घालावा. पशुवैद्यकीय दवाखान्यांत आधीं नांव नोंदवून ठेविलें म्हणजे गांवास एकत्र लस मिळण्यास सोपें जातें.

आमची म्हैस यंदा आश्विनांत विणार आहे. गोठ्याचा एक कोपरा मीं विटांनीं उंच करून घेतला आहे, आणि एक लिटरचें माप धुऊन दावणीच्या खिळ्यास टांगून ठेविलें आहे. घरांतील वडील मंडळींस हें सर्व पटलेलें नाहीं. वार पडण्याआधीं पाजल्यास काय होतें तें पाहूं, असें त्यांनीं म्हटलें आहे, व मींहि तेवढ्यावर मान्य केलें आहे.